सासऱ्यांना वटवाघूळ करण्याचा माझा प्रयोग

सासऱ्याशी कसं वागावं याबद्दल आमच्याकडे पुष्कळ संकेत आहेत. त्यांच्यासमोर पाय पसरून बसू नये, विडी ओढू नये, ते उठल्याशिवाय ताटावरून उठू नये. पण सासऱ्याला पाय वर आणि डोकं खाली करून कडुनिंबाला टांगू नये, असं मला कुणीच कधी बजावलं नव्हतं. बजावायची गरज वाटली नसावी. त्यामुळे जे झालं त्यातला थोडा दोष मी वाडवडिलांकडे ठेवतो.

तेव्हा इंग्रज होते आणि मी नंदुरबारला एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. शास्त्र म्हणजे एक कपाट होतं. त्यात एक भिंग, काही तडकलेल्या काचेच्या नळ्या आणि स्पिरिटमध्ये बुडवलेला एक सरडा. तो सरडा माझ्यापेक्षा सीनियर होता. मी स्वतः इंटर सायन्सला आपटून परत आलेला. पण आमच्या भागात त्या काळी इंटरला आपटलेल्यालाही विद्वान समजत, कारण आपटायलासुद्धा तिथवर जावं लागतं.

लग्नानंतरची ती पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला खानदेशातली लेक सासरी थांबत नाही. माहेरी जाते, झाडाला बांधलेल्या झोक्यावर उंच उंच झोके घेते, गाणी म्हणते, खापरावरचे मांडे आणि आमरस खाते आणि सासरच्यांना विसरते. सण संपला की सासरचं कुणीतरी मोठं माणूस जाऊन तिला परत आणतं. जावयाने स्वतः जायचं नसतं. गेलाच तर सगळं गाव ओट्यावर बसून त्याच्याकडे बघून हसतं. माझे वडील म्हणाले, "जाऊ सवडीने." त्यांची सवड म्हणजे मृग. मी स्वतःच्या हातच्या कच्च्या भाकरी खाऊन इतका वैतागलो होतो की एका सकाळी बैलगाडीत बसलो आणि कोरीटच्या पुढे तापीकाठी असलेल्या सासुरवाडीला जाऊन उतरलो. गाव ओट्यावर बसलेलंच होतं. हसलं.

सासऱ्यांना दमा होता. खरा होता, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला शंका येईल. पण तो दमा हुशार होता. शेजाऱ्याशी बांधावरून भांडताना तो येत नसे. सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्याचं तोंड उघडून दात बघताना येत नसे. मी मात्र घसा खाकरून "मग आता निघावं म्हणतो" एवढं म्हटलं, की त्यांच्या छातीत शिट्ट्या वाजायला लागत.

"र्‍हा ना जवाईबापू... आजून... चार दिन," ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून म्हणत. "पोर गयी तं... मन्हाकडे कोन देखी?"

घरात त्यांची विधवा बहीण होती, पण दम्याच्या बाबतीत त्यांचा विश्वास फक्त लेकीवर. लेक ओव्याचं गरम पाणी घेऊन यायची, पाठ चोळायची आणि माझ्याकडे न बघता आत जायची. माहेरी, बापासमोर, नवऱ्याशी बोलायचं नाही अशी रीत होती. म्हणजे जिला न्यायला आलो होतो तिचं मत काय, हेसुद्धा मला कळायला मार्ग नव्हता.

दुपारी दुकानाच्या फळ्या लावून एक मारवाडी शेठ ओट्यावर गप्पांना यायचे. किराणा आणि कापडाचं दुकान, आजोबांच्या वेळेपासून गावात. बोली आमचीच अहिराणी, रागावले की हिंदी. ते म्हणाले, "पाटील, अक्कलकुवाना बाजारमा एक वैदू भेटना. तो सांगस, वाघूळनं कालवन खा, दमा गायब." आणि लगेच दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "हम तो जैन आदमी! मी फक्त निरोप सांगी ऱ्हायनू. पाप वैदूनं."

सासऱ्यांनी गळ्यातली तुळशीची माळ वर करून दाखवली. "शेठ, मरी जासू, पन वाघूळ खावाव नही. माळ शे."

वैदूचं म्हणणं असं, की वाघूळ दिवसभर उलटं लटकतं, रात्रभर उडतं, तरी त्याला धाप लागत नाही. तेव्हा त्याच्या अंगात दम्यावरचं औषध असलंच पाहिजे. या तर्काला मी मोठ्याने हसलो. दोन दिवसांत मी याहून भयंकर तर्क करणार होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

नदीकडच्या चिंचेवर वटवाघळांची वस्ती होती. लांबून वाटायचं, कुणीतरी फाटक्या छत्र्या वाळत घातल्यात. वैशाखातल्या त्या उन्हात एक वाघूळ होरपळून खाली पडलं आणि सालदाराने ते टोपलीत घालून औषध म्हणून आणलं. शेठ ताडकन उठले. "खबरदार! माझ्या डोळ्यादेखत जीव जाणार नाही," असं ते चक्क शुद्ध मराठीत म्हणाले, इतके घाबरले होते. त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी त्याच्यावर शिंपडलं, आंब्याची फोड चाटवली आणि ओट्याच्या सावलीत कपड्यांच्या वळणीला त्याचे पाय लावून दिले. पायांनी दोरी आपोआप धरली. वाघूळ लटकलं आणि घरातलंच झालं.

संध्याकाळी बायको कपडे काढायला आली. बाप आणि शेठ बसलेले, मी खांबाला टेकलेला. ती वळणीपाशी थांबली आणि वाघळाला म्हणाली, "काय वं बाई, दुसरास्ना घरमा कितला दिन लटकी ऱ्हाशी? लाज शे का नही?"

शेठ खो-खो हसले. सासरेही हसले. वाघळाने काही मनावर घेतलं नाही. मी घेतलं. मी खांबाला तसाच टेकून वाघळालाच म्हणालो, "ते म्हणतंय, आपलं माणूस बरोबर घेतल्याशिवाय हलायचं नाही."

"मंग त्याले सांगा, नुसतं लटकीसन काही व्हत नही," ती म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली.

पुढचे दोन दिवस आमचा सगळा संसार त्या वाघळामार्फत चालला. मला माझ्या बायकोचं मत कळलं: तिला यायचं होतं, पण बापाच्या छातीतल्या शिट्ट्या ऐकत उंबरा ओलांडणं तिला जमत नव्हतं. म्हणजे दम्याचं काहीतरी केलं तरच बायको मिळणार होती.

म्हणून मी वाघळासमोर पाट टाकून बसलो. तापलेल्या दुपारी ते तोंड उघडून धापा टाकायचं, तांबूस केसांखालच्या फासळ्या फडफडायच्या. मग ते जिभेने पंख ओले करी आणि एका पंखाने स्वतःला वारा घाली. सावली लांबली की श्वास इतका हळू होई की मेलं की काय म्हणून शेठ खाली वाकून बघत.

"हा पक्षी नव्हे," मी व्याख्यान सुरू केलं. शास्त्र मी नेहमी पुस्तकी मराठीत सांगत असे. अहिराणीत सांगितलं तर लोकांना समजेल अशी भीती वाटे. "पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. याला तसलं काही नाही. तुमच्या-आमच्यासारखी दोन फुप्फुसं, भोवती फासळ्या आणि छाती व पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा. पडदा पोटाकडे सरकला की हवा आत, परत आला की बाहेर. फक्त अंगाच्या मानाने याची फुप्फुसं भली मोठी, आणि हृदयही."

इथपर्यंत मी बरोबर होतो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती मी बरोबर असतानाच सुरू झाल्या आहेत.

"आता दमा," मी पुढे म्हणालो. "दम्यात हवा आत जायचं जितकं अडतं, त्याहून बाहेर पडायचं अडतं. छाती म्हणजे भरलेलं पोतं. पोतं रिकामं करायला आपण काय करतो? उलटं करतो. वाघूळ उलटं आहे, म्हणून त्याचं पोतं आपोआप रिकामं होतं. ते खायचं नसतं, आबा. त्याच्यासारखं लटकायचं असतं."

शेठ विचार करून म्हणाले, "मास्तर, पोतामा गहू ऱ्हास, तो खाले पडस. वारा बी पडस का?"

"यात वातावरणाचा दाब येतो, शेठ." अडचणीत लोक देवाचं नाव घेतात, तसं मी त्या काळी वातावरणाच्या दाबाचं घेत असे.

सासरे पुढे सरकले. "खावानं नही ना काही?"

"काही नाही."

"माळ काढनी पडी का?"

"मुळीच नाही."

त्यांनी वाघळाला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "आराम पडना, तं पोर लई जा." आत दाराआड बांगड्या वाजल्या.

प्रयोग दुसऱ्या दिवशी जेवणानंतर. जेवणात मांडे आणि आमरस. प्रयोग उपाशीपोटी करावा हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी पाव्हण्याने आणि यजमानाने मांडे सोडायचे असतात असं कुणी ऐकलं आहे का? आखाजीचा झोका अंगणातल्या निंबाला होताच. सासरे त्याच्या फळीवर बसले, गुडघे फळीत अडकवून हळूहळू मागे झुकले आणि लोंबले. पाय निसटू नयेत म्हणून मी झोक्यावर चढून त्यांच्या नडग्यांवर बसलो. म्हणजे वर मी, गौराईसारखा दोर धरून विराजमान, आणि खाली सासरे, मिशा कपाळाकडे वळलेल्या. पहिल्याच क्षणी माळ हनुवटीवरून घसरून मातीत पडली. शेठनी ती उचलून खिशात घातली. धोतराला वातावरणाचा दाब ठाऊक नव्हता. त्याला गुरुत्वाकर्षण ठाऊक होतं, आणि ते त्याने मनोभावे पाळलं. शेठनी तोंड फिरवलं.

छातीतली शिट्टी बारीक झाली, मग बंद पडली.

"बघा!" मी वरून ओरडलो. "शिट्टी थांबली!"

शेठनी पुन्हा तोंड वळवलं. "मास्तर, शिट्टी नही, सासच थांबना! तोंड वांगानागत व्हई गया! उतारो, उतारो!"

पण उतरायचं कसं? मी उठलो तर सासरे डोक्यावर पडणार, बसलो तर वरच्या वर जाणार. शेठ नवकार मंत्र म्हणायला लागले. शेवटी बायको घरातून पळत आली, बापाच्या पाठीला खांदा लावून त्यांना वर रेटलं, आणि मी बाजूला झालो तसे ते तिच्या अंगावरून घरंगळत जमिनीवर आले. हातापायांवर ओणवे होऊन खोकले. असा खोकला मी त्याआधी ऐकला नव्हता; नांगराने कडक ढेकूळ फोडावं तसा. खोकून खोकून छातीतला सगळा चिकट कफ मातीत पडला. मग शांतता. मला वाटलं, संपलं. मी फाशीचे कायदे आठवायला लागलो.

सासऱ्यांनी एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. शिट्टी नाही.

"वाट मोकळी व्हई गयी," ते म्हणाले, ओट्यावर आडवे झाले आणि घोरू लागले. आडवे! कित्येक महिने ते बसूनच झोपत होते. बायको उभी राहून त्या घोरण्याकडे बघत राहिली. तिन्हीसांजेला वाघळाचाही मुक्काम हलला. त्याने दोरी सोडली, दगडासारखं खाली आलं, जमिनीजवळ पंख उघडले आणि चिंचेकडे निघून गेलं.

आज डॉक्टर लोक सांगतात की कफ साठलेल्या रोग्याला डोकं जरा खाली करून निजवतात, कफ उतरतो. निजवतात. टांगत नाहीत. पण तेव्हा मी सुटकेच्या आनंदात होतो. सकाळी कपडे बांधून सासऱ्यांसमोर उभा राहिलो.

"जवाई नही, धन्वंतरी शे," ते गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आते दररोज लटकसू."

"आणि... हिला न्यायचं?"

"पोर कशी जाई? तुमी वर बसशात, ती खाले खांदा लाई. दोन्हीबी ऱ्हा ना! शाळा काय, पोऱ्हे आपलं आपलं शिकतीन."

असा मी माझ्या यशामुळे घरजावई झालो. रोज जेवणानंतर मी सासऱ्यांच्या नडग्यांवर बसायचो. कफ पहिल्या दिवशीच पडून गेला होता. आता नुसतं तोंड काळंनिळं व्हायचं आणि उतरल्यावर तासभर ते सुन्न बसायचे. पण वाट मोकळी होतेय असा त्यांचा हट्ट. शेजारच्या गावांतले दमेकरी अंगणात येऊन आपली पाळी कधी विचारायला लागले. शाळा उघडायचे दिवस जवळ येत होते. सगळ्यात वाईट म्हणजे बायको रोज बापाचा चेहरा बघून माझ्याकडे बघायची, आणि आता मधे वाघूळही नव्हतं.

मग एके दुपारी पंगतीत ती माझ्या ताटात आणखी एक मांडा वाढायला वाकली आणि बापासमोर, शेठसमोर, आत्यासमोर, सरळ माझ्याशी बोलली.

"तुमी कधय लटकशात?"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"मी?"

"शास्तर तुमनं. आबा एकलाच कसाले? आज तुमी लटका. आबा तुमना पायवर बसतीन." आणि वाटी भरभरून रस ओतला. "पोटभरी जेवा."

लाजेने आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. पण सासऱ्यांना कल्पना पटली; धन्वंतरीने स्वतःचं औषध घेऊन दाखवलं तर बाहेर बसलेल्यांनाही धीर येईल, असं ते म्हणाले.

मी लटकलो. सासरे नडग्यांवर बसले. मी हलक्या अंगाचा, ते तसे नव्हते.

श्वसनसंस्थेबद्दल कॉलेजात जे कळलं नाही ते मला तिथे कळलं. छाती आणि पोटामधला तो पडदा पुस्तकात एका बारीक रेघेने दाखवतात. त्या रेघेवर आता माझं यकृत, आतडी, मांडे आणि आमरस असे सगळे एकदम येऊन बसले होते. श्वास घ्यायचा तर पडद्याने ही सगळी पंगत वर उचलायची. एकदा उचलली, दुसऱ्यांदा जेमतेम, पुढे पडद्याने काम सोडलं. डोळे बाहेर यायला लागले. पोतं रिकामं झालं नाही. दुसरं पोतं त्याच्यावर पडलं.

वाघळाला हे का होत नाही, ते मी पुढे पुष्कळ वर्षांनी वाचून काढलं. त्याचं सगळं अंगच हलकं. पडद्यावर येऊन पडायला पोटात वजन कुठलं? खाल्लेलं फळ अर्ध्या-पाऊण तासात पार निघून जातं. लटकायला त्याला जोरही लावावा लागत नाही. स्वतःच्या वजनाने नख्या आवळल्या जातात. हृदय मोठं असल्यामुळे रक्त डोक्यात तुंबत नाही. आणि उडताना तर मजाच आहे: छातीच्या ज्या स्नायूंनी पंख हलतात, त्यांच्या लयीतच छाती दाबली जाते आणि सुटते, पंखाच्या एका फटकाऱ्याला एक श्वास. माणूस धावताना दमतो; वाघळाचं धावणंच त्याला श्वास देतं. शिवाय पंखांच्या त्या पातळ कातडीतूनही अंगातला वाईट वायू थोडाथोडा बाहेर जातो. एवढा सरंजाम जवळ असेल त्याने खुशाल लटकावं.

मी यातलं काहीच जवळ नसताना लटकलो होतो. आमरस आला तो नाकातून आला. तरी मी 'थांबा' म्हणू शकलो नाही, कारण 'थांबा' म्हणायलाही हवा लागते. शेठ ओरडले तेव्हा सासऱ्यांनी वरून वाकून माझं तोंड पाहिलं. पाहतच राहिले.

"शेठ," ते हळू आवाजात म्हणाले, "मन्हंबी तोंड असंच दिखस का?"

"यानापेक्षा बेकार, पाटील," शेठ म्हणाले. त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. "तुमले मिशा शेत."

मला उतरवून, तोंडावर पाणी मारून निंबाखाली टेकवलं. बाहेरचे दमेकरी उठून चालू लागले. एकाला तर निघताना धापही लागली नाही. सासरे ओट्याच्या कडेवर बसले, हात गुडघ्यांवर. तसे बसले की त्यांना बरं वाटे, आणि इतके दिवस मी त्यांना नेमकं त्या जागेवरून उठवत होतो.

"माय, सामान बांध," ते लेकीला म्हणाले.

"आबा, तुमना दमा—"

"दमा ऱ्हाई. याले लई जा आठून. दमामा मानूस जगस. ह्या मानूससंगे जगाव नही."

ती हसली नाही. आत जाऊन तिने आत्याला ओवा किती, आलं किती, पाणी किती तापवायचं, पाठ कुठे आणि कशी चोळायची ते सगळं सांगितलं. मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आत्याबाई हो हो म्हणत होत्या.

सकाळी गाडी जुंपली. लटकणं बंद झालं तशी शेठनी खिशातली माळ आदल्याच दिवशी परत केली होती. सासऱ्यांच्या गळ्यात ती होती. आम्ही चढलो, आणि आम्ही नको नको म्हणत असताना ते गाडीबरोबर चालत शिवेपर्यंत आले. तिथे थांबले. छातीतून शिट्टी ऐकू आली, हुशार नव्हे, साधीच. ते वाकले, गुडघ्यांवर हात टेकले. बायकोने गाडीच्या कडेवर पाय टाकला. त्यांनी मान न उचलता एक हात वर केला: बस. ती अर्धी आत, अर्धी बाहेर, तशीच राहिली. त्यांचे खांदे वर जात होते, खाली येत होते, आणि आम्ही दोघं ते बघत होतो. या वेळी मला कुठलाच उपाय सुचला नाही.

हळूहळू खांद्यांची घाई कमी झाली. ते सरळ झाले, मिशीवरून हात फिरवला आणि गाडीवानावर ओरडले, "हाक ना रे! बैलेस्ले काय दमा शे?"